पलीकडची हाळी

सहादेव फटांगऱ्याचा कागदावर कधीच विश्वास नव्हता. सातबाऱ्यावर नाही, लग्नपत्रिकेवर नाही, आणि शाळेच्या भिंतीवर लिहिलेल्या सुविचारांवर तर अजिबात नाही. "अक्षर कुनाचंबी असतं," तो म्हणायचा, "आवाज एकाचाच असतो." त्याला लिहितावाचता येत नाही म्हणून तो असं म्हणतो, असं हिवरवाडीची शिकलेली पोरं हसत सांगायची. असेलही तसं. पण न शिकलेल्या माणसालाही जगात कशावर तरी भरवसा ठेवावाच लागतो, आणि सहादेवानं तो आपल्या कानांवर ठेवला होता. अंधारात घंटेवरून तो बैल ओळखायचा आणि खोकल्यावरून पाहुणा. त्याची बायको मुक्ताबाई रागावलेली आहे की नुसतीच दमलेली आहे, हे त्याला तिच्या पाटा-वरवंट्याच्या आवाजावरून कळायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या एका बाबतीत तो कधी चुकला नाही, हे मुक्ताबाईही कबूल करायची.

हिवरवाडी संगमनेरच्या पठारावरची. फटांगऱ्यांचं रान ओढ्यानं दुभागलेलं, निम्मं अलीकडं आणि निम्मं पलीकडं. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला सहादेव अलीकडच्या माळ्यावर बसायचा आणि त्यांचा एकुलता एक लेक गोरक्ष पलीकडच्या. दिवस कलला की बाप हाळी द्यायचा. ती उंच सुरू होऊन खाली उतरायची. मग ओढ्यापलीकडून पोराची हाळी यायची. ती खालून सुरू व्हायची, मधेच आचका खाल्ल्यासारखी तुटायची आणि मग वर चढायची. गावातल्या पोरांनी तिची नक्कल करून पाहिली, पण तो आचका कुणाच्याच गळ्यातून निघाला नाही. घरात चुलीपुढं बसलेल्या मुक्ताबाईचं तेच घड्याळ होतं. पहिली हाळी ऐकली की ती पीठ मळायला घ्यायची आणि दुसरी ऐकली की भाकरी तव्यावर टाकायची. तिनं स्वतः मात्र जन्मात कधी हाळी दिली नव्हती. बाईमाणसानं रानात ओरडू नये, निरोप धाडावा, अशी रीत होती, आणि मुक्ताबाई रीत पाळणारी होती.

गोरक्ष सातवी झाला, चार-पाच वर्षं रानात राबला आणि एका बाजाराला नगरला गेला तो फौजेत नाव घालूनच परत आला. सहादेव म्हणाला, जायचं न्हाई. गोरक्ष म्हणाला, दादा, नाव लागलं, आता गेलंच पाहिजे. दोघं एकाच मुशीतले, माघार कोण घेणार? ज्या सकाळी गोरक्ष निघाला त्या सकाळी बाप पहाटेच उठून रानात गेला. निरोप द्यायला एस.टी.पाशी एकटी मुक्ताबाई होती. लेकाला बसवून ती घरी आली आणि चूल पेटवून बसली, तेवढ्यात ओढ्याच्या वळणावरून हाळी आली. पोरानं गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून दिली होती. मुक्ताबाईचे हात पिठातच थांबले. ती दुसऱ्या हाळीची वाट पाहत बसली. बाप तिथंच रानात होता, आणि त्याचे कान काही बहिरे नव्हते.

पण दुसरी हाळी आली नाही. दुपारी सहादेव जेवायला आला आणि ताटात निम्मी भाकरी टाकून उठला. त्या दिवसापासून त्याची भाकरी अर्ध्यावर आली.

गोरक्षाला सुट्टी मिळायच्या आतच लढाई लागली. एकाहत्तर सालची ती लढाई दोन आठवड्यांत संपली, गावात पेढे वाटले गेले, आणि फटांगऱ्यांच्या घरी तार आली की शिपाई गोरक्ष बेपत्ता आहे. मग होळीच्या सुमारास एक छापील कार्ड आलं. शाळेचे शामकांत गुरुजी ते घेऊन स्वतः घरी आले आणि त्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं. गोरक्ष सरहद्दीपलीकडच्या मुलखात युद्धकैदी आहे, खुशाल आहे, आणि खाली त्याची सही आहे. मुक्ताबाईनं कार्ड डोळ्यांना लावलं. सहादेवानं ते हातातही घेतलं नाही.

"छापलेलं हाय ना गुरुजी?"

"हो, पण सही गोरक्षाचीच आहे. मी शिकवलंय त्याला."

"तुमी भलं मानूस हायसा. आमची समजूत काढताय." एवढं बोलून तो उठून गोठ्यात गेला.

त्या उन्हाळ्यात सहादेवाच्या छातीच्या दुखण्यानं उचल खाल्ली. संगमनेरच्या डॉक्टरनं बाटल्या दिल्या. पण औषधाला माणसाच्या मनाची साथ लागते, आणि याचं मन एस.टी.च्या वळणावर अडकून पडलेलं. त्यात पावसानं पाठ फिरवली. आषाढ संपत आला तरी ओढ्यात पाण्याचा थेंब नव्हता, आणि गावातल्या बायका दोन कोसांवरून डोक्यावर घागरी आणत होत्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

शामकांत गुरुजी मूळचे नगरचे. शाळेच्याच एका खोलीत एकटे राहायचे आणि रेडिओचे नादी होते. खोलीपासून लिंबाच्या शेंड्यापर्यंत त्यांनी तांब्याची तार ताणली होती, आणि तिच्या जोरावर त्यांचा बॅटरीवरचा सेट कुठकुठच्या देशांची बडबड ऐकवायचा. गावाला त्या बडबडीचं सोयरसुतक नव्हतं. पण पलीकडचं एक स्टेशन भर दुपारी बारानंतर कैद्यांचे निरोप ऐकवतं, आणि कैदी स्वतः बोलतात, हे गुरुजींना कळलं, तेव्हापासून ते मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून कान लावून बसायचे. दुसऱ्या दिवशी कोण बोलणार त्यांची नावंही ते स्टेशन सांगायचं. ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी गुरुजी तसेच अनवाणी पळत फटांगऱ्यांच्या दारात आले.

"सहादेवा, नाव घेतलं. उद्या गोरक्ष बोलणार आहे."

सहादेव बाजेवर पडून होता. "नाव तर मलाबी घेता येतं," तो म्हणाला. पण उठून बसला. "आवाज ऐकू द्या," तो म्हणाला. "त्याचा आवाज ऐकला की मी मानीन. मग मला उचललं तरी हरकत न्हाई."

त्याला उचलायची भाषा मुक्ताबाईला सोसली नाही. रात्रभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. आवाज आला की हा जेवेल. आवाज आला की हा जगेल.

शुक्रवारी शेजारच्या आसारामनं आणि त्याच्या भावानं सहादेवाची बाज उचलून शाळेच्या ओट्यावर नेऊन ठेवली. आसारामची बायको लंकाबाई मुक्ताबाईच्या शेजारी बसली. अर्धं गाव लिंबाखाली जमलं. आभाळात ढगाचं नाव नव्हतं, सूर्य बरोबर डोक्यावर आला होता आणि पत्रा तापून कडकड वाजत होता. गुरुजींनी सेट लावला. स्टेशन इतकं स्पष्ट लागलं की शेजारच्या खोलीतून कुणी बोलतंय असं वाटावं. आधी एक पंजाबी बोलला. मग एकजण मराठीत म्हणाला, "मी शिपाई छगन. आईला रामराम सांगा. पाय बरा हाय."

"ह्यो सातारकडचा," सहादेव म्हणाला. कित्येक महिन्यांत मुक्ताबाईनं त्याच्या तोंडावर असा उजेड पाहिला नव्हता. त्यानं एक हात लांब केला, आणि चारचौघांत, सगळ्या गावासमोर, तिचं मनगट धरलं.

मग निवेदकानं नाव घेतलं. सिपाही गोरख सहदेव फटांगरे, जिला अहमदनगर.

आणि आवाज बुडाला.

खरखर वाढली असती तर लोकांना ते ओळखीचं होतं, पण खरखरही गेली. विहिरीत पडलेली घागर तळाशी जावी तसा सेट शांत झाला. गुरुजींनी काटा मागं-पुढं केला. सिलोन नाही, दिल्ली नाही, इंग्रजी नाही, काहीच नाही. त्यांनी तार पाहिली, बॅटरी पाहिली. त्यांच्या कपाळावरून घाम गळायला लागला. शेवटी त्यांनी जवळच्या स्टेशनांचा पट्टा लावला, तर पुणं लगेच लागलं. तिथला माणूस शांतपणे सांगत होता की कोरडवाहू शेतकऱ्यांनी आंतरमशागत कशी करावी.

"पुनं बोलतंय," सहादेव म्हणाला.

"हो."

"म्हंजे डबा चांगला हाय."

"डबा चांगला आहे, पण…" गुरुजी परत काटा फिरवायला लागले.

"म्हंजे बोलनाराच ऱ्हायला न्हाई," सहादेव म्हणाला. मुक्ताबाईचं मनगट त्यानं सोडलं. सगळा जन्म कानांवर विसंबून काढलेल्या माणसाला आता कानांनीच सांगितलं होतं, त्याच्याशी वाद कोण घालणार?

बाज घरी आणल्यावर तो कुणाचा हात न धरता उठला आणि मोरीपाशी गेला. तिथं मुक्ताबाईनं सकाळी दोन कोसांवरून आणलेली भरली घागर होती, सगळ्या दिवसाचं पाणी. त्यानं ती उचलली आणि अंगातल्या कपड्यांसकट डोक्यावर ओतली. दूर देशी कुणी वारल्याची बातमी आली की करतात ती अंघोळ. पाणी अंगणभर पसरलं आणि तापलेल्या मातीनं बघता बघता पिऊन टाकलं.

मुक्ताबाईनं रिकामी घागर उचलली. "जित्या लेकाच्या नावानं अंघोळ केली तुमी," ती म्हणाली.

सहादेव ओल्या अंगानं बाजेवर बसून राहिला. लंकाबाईनं आपल्या घरचं निम्मं पाणी आणून दिलं आणि मुक्ताबाईच्या कानाशी म्हणाली, "असूं दे बाई. जित्या मानसाची अशी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं." मुक्ताबाईनं मान हलवली. पण ती त्या दिवशी नवऱ्यावर रागावली ती रागावलीच. पोराला हाळीचं उत्तर द्यायला याची जीभ उचलली नव्हती, आणि त्याच्या नावानं पाणी घ्यायला मात्र हात लगेच उचलला.

दोन-तीन दिवसांनी गुरुजी आले, ते संगमनेरहून आलेलं वर्तमानपत्र घेऊन. मग सहादेवाकडं पाहून त्यांनी ते घडी करून खिशात घातलं आणि तोंडानंच सांगायला बसले.

"लांबचं स्टेशन सरळ येत नाही, सहादेवा. तो आवाज वर जातो. फार उंचावर हवेचा एक थर आहे, त्याच्यावर आपटून खाली येतो. ओढ्याच्या दरडीवर आपटून हाळी माघारी येते ना, तसा. शुक्रवारी ऐन दुपारी सूर्यावर मोठा भडका उडाला. त्याचं तेज इतकं आलं की वर जाणारा आवाज मधल्या मधेच विरला. ज्या ज्या देशांत तेव्हा दिवस होता तिथं असंच झालं, आणि आपल्या तर तो अगदी डोक्यावर होता. पुणं जवळ आहे, त्याचा आवाज जमिनीलगत येतो, म्हणून ते ऐकू आलं."

सहादेव कोपरावर उठला. "म्हंजे समद्यांचंच गेलं? आमच्या एकट्याचं न्हाई?"

"सगळ्यांचंच."

"मग पोरगं बोललं?"

"बोललाच असणार."

"कोनी ऐकलं?"

गुरुजी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, पण ते शिक्षक होते. "आपल्याकडं तरी कुणी नाही," ते म्हणाले.

"मग सूर्यानंच ऐकलं," सहादेव म्हणाला आणि पडून राहिला.

मुक्ताबाई उंबऱ्यात बसून ऐकत होती. थरबिर तिला कळलं नाही. एवढं कळलं की आवाज निघाला होता, आणि तो सूर्यानं मधेच गिळला. गोरक्ष पोटात असल्यापासून श्रावणातल्या दर आदितवारी ती विड्याच्या पानावर रक्तचंदनानं सूर्य काढायची, सहा गाठींचा दोरा ठेवायची, गुळाचा नैवेद्य दाखवायची, आणि मागायची ते एकच, माझं लेकरू सांभाळ. आणि त्यानं हे केलं. सगळं रान जाळून झालं, ओढा पिऊन झाला, वर लेकराचे दोन शब्दही त्यानं सोडले नाहीत. त्या श्रावणातला पहिला आदितवार आला तेव्हा तिनं सहाणेला हात लावला नाही. सकाळी घागर घेऊन निघाली आणि वर न बघता चालत राहिली.

परत आली तर सहादेव खाली जमिनीवर बसला होता. त्यानं सहाण पुढ्यात ओढली होती. लंकाबाईकरवी विड्याचं पान आणवलं होतं. ते सुकायला आलेलं, आणि त्याच्यावर बोटानं सूर्य काढला होता. मुक्ताबाईचा सूर्य गोल असायचा. याचा एका अंगाला कलला होता.

"हे बायकांचं काम हाय," ती म्हणाली.

"बायको रुसली, मग कोन करनार? पोराची ठेव त्याच्यापाशी हाय. ठेव ठेवलेल्याशी भांडून चालत न्हाई."

मुक्ताबाईला रडू आलं. म्हणजे याला वाटतंय, पोरगं आहे. तिनं घागर उतरवली, पानावर गुळाचा खडा ठेवला आणि त्याच्याशेजारी बसून हात जोडले. सूर्यावरचा राग गेला नव्हता, पण नवऱ्यावरचा त्या सकाळी गेला.

स्टेशन थोड्या दिवसांनी परत लागायला लागलं. आधी क्षीण, मग पहिल्यासारखं. गुरुजी रोज दुपारी सेट काखेत मारून फटांगऱ्यांच्या घरी यायचे आणि तार छपरावर टाकायचे. नगरचे कैदी बोलले, नाशिकचे बोलले, कुणाकुणाची लेकरं आपापल्या आयांना रामराम घालून गेली. गोरक्षाची पाळी होऊन गेली होती. गुरुजींनी चौकशीची पत्रं टाकली, त्यांना उत्तर आलं नाही. आणि भाद्रपद लागता लागता तो कार्यक्रमच बंद पडला. त्या दिवसापासून सहादेवानं दुपारी उठून बसणंही बंद केलं.

पितृपक्ष आला. घरोघरी वाडवडिलांची पानं वाढली जात होती. एका सकाळी सहादेव हळूच म्हणाला, "आबांच्या पानाशेजारी गोरक्षाचं एक पान वाढ."

मुक्ताबाईचा हात थांबला. "जित्या मानसाला पितरांत बसवता?"

"जिता असला तर रागावनार न्हाई. आन नसला तर उपाशी ऱ्हाईल गं तिकडं." तो डोळे पुसत होता. बाप म्हणून त्याला आता एवढंच करता येण्यासारखं उरलं होतं, हे तिला कळलं. आणि ते पान एकदा वाढलं की हा माणूस उठणार नाही, हेही कळलं.

ती शाळेकडं जाते म्हणून निघाली. ओढ्याच्या काठावर जाऊन बसली, पदरानं तोंड पुसलं आणि मनाशी जुळवाजुळव केली. जन्मात तिनं नवऱ्याला एवढं मोठं खोटं कधी सांगितलं नव्हतं. दुपारी घरी आली ती दारातूनच म्हणाली, "अवं, बोलला. निरोप परत सुरू झालं, आत्ता गुरुजींच्या डब्यावर बोलला. म्या माझ्या कानांनी ऐकलं."

सहादेवानं मान वळवली. त्याचे डोळे असे उघडले की मुक्ताबाईला वाटलं, आता हा उठतोच. "काय म्हनला?"

"बरा हाय म्हनला. दादांना सांगा, काळजी करू नका. येतो म्हनला."

"आन?"

"आन काय? एवढंच. लई जन असत्यात, येवढंच बोलू देत्यात."

तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "हाळी दिली का?"

मुक्ताबाई गडबडली. हे तिनं जुळवलेलंच नव्हतं. फार सांगितलं तर पटणार नाही, खोटं बेतानंच बोलावं, असं तिनं वाटेत ठरवलं होतं. खोट्यातही तिनं जास्त मागितलं नाही. "रेडिओवर कुनी हाळी देतं व्हय?" ती म्हणाली.

सहादेवाच्या डोळ्यांतलं सगळं गेलं. "मग तो न्हाई," तो म्हणाला आणि त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

सर्वपित्री अमावास्येच्या आत तो गेला. अग्नी पुतण्यानं दिला. ओढ्याच्या अलीकडच्या काठावर, जिथं माळा असायचा तिथंच. गुरुजी म्हणाले, गोरक्षाला कळवायला हवं, पत्र जाईल. मुक्ताबाई म्हणाली, "नका कळवू. परक्या मुलखात लेकराला एकट्याला रडावं लागंल. हितं आला की माझ्यापाशी रडंल."

दिवाळी झाली न झाली तोच एक तरणा माणूस कुबडीवर लंगडत हिवरवाडीत आला. दारात उभा राहून म्हणाला, "मी छगन. सातारकडचा. गोरक्षासंगं हुतो. पाय सडाया लागला म्हनून मला आधी सोडलं."

मुक्ताबाईनं त्याला पाट दिला, गूळपाणी दिलं. गोरक्ष धडधाकट होता, जाडसुद्धा झाला होता, लवकरच सगळ्यांना सोडणार होते. छगन सांगत होता आणि ती पदर तोंडाला लावून रडत होती. मग तिनं विचारलं, "त्या शुक्रवारी तो काय बोलला रं?"

छगन हसला. "बोलला न्हाई, मावशी. आमी समद्यांनी पाठ करून ठेवलं हुतं, आईला रामराम, बापाला रामराम. ह्याची पाळी आली तर ह्यो म्हनतो, आमचं दादा कागद मानत न्हाईत, बोललेलं मानतील का ठाव न्हाई. म्हनतील कुनीतरी शिकीवलं. एकच गोष्ट वळखतील. आन त्या खोलीत तोंडाला हात लावून अशी हाळी दिली की तिथला साहेबसुद्धा दचकला. मग हसला आन म्हनला, चालंल."

मुक्ताबाईनं तोंडावरचा पदर खाली घेतला. "हाळी दिली," ती म्हणाली.

"व्हय. निस्ती हाळी. रोज मला म्हनायचा, दादांनी जवाब दिला आसंल."

तिला काय झालं ते छगनला कळलं नाही. तो जेवला, दुपारच्या गाडीनं गेला. मुक्ताबाई त्याच जागी बसून राहिली. तिचा नवरा शेवटच्या घटकेला तिच्याकडं फक्त एक शब्द मागत होता. हो म्हण, एवढंच. तेच खरं होतं, आणि तेच तिनं नाही म्हणून सांगितलं होतं. एवढं मोठं खोटं बोलली, आणि त्यातला खरा असणारा एवढा एक कण तिच्याच हातून गळाला. तिनं छाती बडवली नाही. रडूही आलं नाही. त्यानंतर चूल पेटवायला बसली की मात्र तिच्या कानात तो प्रश्न यायचा. उत्तर आता तिला ठाऊक होतं, पण विचारणारा नव्हता.

डिसेंबरच्या सुरवातीला गुरुजींच्या सेटवर बातमी लागली की कैदी सरहद्दीवरून अलीकडं आले. गोरक्ष कोणत्या दिवशी येईल, कोणत्या गाडीनं येईल, हे कुणालाच सांगता येईना. मुक्ताबाई रोज दोघांचं पीठ मळायची आणि संध्याकाळी उरलेली भाकरी लंकाबाईच्या गायीला घालायची.

एके दिवशी दुपारी ती तव्यावर भाकरी थापटून टाकत होती आणि ओढ्याच्या वळणाकडून हाळी आली.

खालून सुरू झाली, मधे आचका खाऊन तुटली आणि वर चढली.

मुक्ताबाईचे हात पिठातच राहिले. तिला कळलं, पोरगं वळणावर उतरलंय. गावात जायच्या आधी रानाच्या तोंडाशी उभं राहून बापाला हाळी देतंय. जाताना दिली होती तिचं उत्तर त्याला अजून हवं होतं. आणि आता ते थांबलंय, वाट बघतंय.

ओढ्याकडं सगळं चिडीचूप होतं.

हाळी दुसऱ्यांदा आली. या खेपेला तिच्यात थोडी विनवणी होती, पोटच्या पोराची असली की आईला तेवढं कळतं.

मुक्ताबाई उठली. पिठाचे हात घेऊन, पदर डोक्यावरून पडलेला तसाच ठेवून, ती अंगणातून, बांधावरून, नवऱ्याला जिथं जाळलं होतं त्या जागेपर्यंत धावत गेली. पलीकडच्या काठावर एक उंच माणूस खांद्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन उभा होता. डोक्यावर सूर्य होता, आणि त्या दिवशी त्यानं काहीही गिळलं नाही. तिनं तोंडाला हात लावले. कशी द्यायची ते तिला माहीत होतं, जन्मभर ऐकली होती. उंच सुरू करायची आणि खाली उतरवायची.

तिनं हाळी दिली.

आवाज फाटला, म्हाताऱ्या बाईचा होता, कधी न वापरलेला होता. पण खाली उतरत उतरत तो ओढ्यापलीकडं गेला आणि दरडीवर आपटून माघारी आला.

पलीकडचा माणूस हलला नाही. आवाज एकाचाच असतो, हे त्यालाही त्याच्या बापानंच शिकवलं होतं. बापाची हाळी आईनं दिली, यात त्याला जे कळायचं ते सगळं कळलं. त्यानं ट्रंक खाली ठेवली, डोक्यावरची टोपी काढली आणि तो त्या कोरड्या ओढ्याच्या काठावर खाली बसला. मुक्ताबाई वाळूतून त्याच्याकडं चालायला लागली. घरात तव्यावरची भाकरी करपत होती.